लॅपटॉपला तीन आयपी अ‍ॅड्रेस आहेत, प्रोग्रॅमने त्यातला कुठला घ्यायचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी: लॅपटॉपवर वायफाय, केबलचं कार्ड आणि व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) असं तिन्ही आहे. पायथनमध्ये होस्टनेमवरून अ‍ॅड्रेस काढला की १९२.१६८.५६.१ येतो आणि तो शेजारच्या मशीनला दिला तर कनेक्शन होत नाही.

होणारही नाही. ते व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त लॅपटॉपच्या आतलं, नेटवर्क आहे, लॅपटॉपच्या बाहेर त्याला कुणी ओळखत नाही. (उबुंटूवर हाच कोड बऱ्याचदा १२७.०.१.१ देतो, तो मशीनकडेच परत येणारा अ‍ॅड्रेस, म्हणजे आणखीनच निरुपयोगी.)

मुळात ‘मशीनचा आयपी’ असा एकच काही नसतो. समोर कोण आहे, त्यावर तो ठरतो. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आधी राउटिंग टेबल, म्हणजे कुठल्या अ‍ॅड्रेसकडे कुठल्या वाटेने जायचं त्याची यादी, बघतो: समोरच्या अ‍ॅड्रेसला सर्वांत लांब प्रिफिक्सने (अ‍ॅड्रेसच्या सुरुवातीच्या भागाने) जुळणारा रूट घेतो, बरोबरी झाली तर कमी मेट्रिकवाला (मेट्रिक म्हणजे रूटचा पसंतीक्रम). त्या रूटवर सोर्स (पाठवणाऱ्याचा अ‍ॅड्रेस) लिहून ठेवलेला असेल तर तो, नाहीतर सहसा ज्या कार्डातून पॅकेट जाणार त्याचा अ‍ॅड्रेस. लिनक्सवर ‘आयपी रूट गेट’ आणि पुढे समोरच्याचा अ‍ॅड्रेस टाकून बघा, उत्तर लगेच दिसेल. विंडोजवर पॉवरशेलमध्ये ‘फाइंड-नेटरूट’ आहे.

तेव्हा यादीतून स्वतः निवडत बसू नका, कर्नललाच विचारा. यूडीपी सॉकेट (प्रोग्रॅमचं नेटवर्कशी बोलायचं टोक) उघडा, समोरच्याच्या अ‍ॅड्रेसला कनेक्ट करा आणि गेटसॉकनेम (सॉकेटचा आपल्या बाजूचा अ‍ॅड्रेस सांगणारं फंक्शन) वाचा. यूडीपीच्या कनेक्टने एकही पॅकेट बाहेर जात नाही, फक्त रूट ठरतो.

ही युक्ती सांगताना बहुतेक जण कनेक्टमध्ये सरळ ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गूगलचा डीएनएस सर्व्हर) टाकतात. मीही टाकायचो. एका कारखान्यात पीसीला दोन कार्डं होती, एक ऑफिसच्या नेटवर्कला, दुसरं पीएलसीला (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरला). माझ्या प्रोग्रॅमने इमानदारीत इंटरनेटकडचा अ‍ॅड्रेस काढून पीएलसीला कळवला आणि पीएलसी त्यावर डेटा पाठवत बसला. अर्धा दिवस मी केबल बदलत होतो! ज्याच्याशी बोलायचं, त्याचाच अ‍ॅड्रेस कनेक्टला द्या.

तुमचा प्रोग्रॅम सर्व्हर असेल तर निवडायची गरजच नाही. ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या अ‍ॅड्रेसवर, ऐका, आणि आलेल्या कनेक्शनवर गेटसॉकनेम केलं की समोरचा तुमच्या कुठल्या अ‍ॅड्रेसवर आला ते कळतं.

सोर्स जबरदस्तीने ठरवायचाच असेल तर कनेक्टच्या आधी बाइंड करा, म्हणजे सॉकेटला हवा तो अ‍ॅड्रेस बांधा. पण लिनक्सवर त्याने नुसता सोर्स अ‍ॅड्रेस बदलतो. ‘आयपी रूल’ या कमांडने वेगळं राउटिंग टेबल लावलं नसेल तर पॅकेट जुन्याच कार्डातून निघतं.

आणि एकदा काढलेला अ‍ॅड्रेस कॉन्फिग फाइलमध्ये जपून ठेवू नका. व्हीपीएन सुरू केला की उत्तर बदलू शकतं, म्हणून दर वेळी नव्याने विचारा.