पॅरिसची परिषद आणि कूतचे मराठे

प्रश्न : पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेवरचे, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश अधिकारी लॉरेन्स आणि अरबांचे नेते अमीर फैसल यांच्याभोवती रचलेले एक जुने ब्रिटिश दूरचित्रवाणी-नाट्य नुकतेच पाहिले. माझे पणजोबा मराठा पलटणीतून ‘बसऱ्याला गेले, ते परतलेच नाहीत’, एवढेच आमच्या घरी सांगतात. त्या कथेशी आपल्या माणसांचा काही संबंध होता काय? परिषदेत हिंदुस्थानचे कोणी होते काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : संबंध होता, पण तो पॅरिसच्या तीन वर्षे आधीचा. आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीकाठी कूत येथे तुर्कांनी वेढलेल्या ब्रिटिश-हिंदी सैन्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले, तरी घोड्याचे मांस खाण्यास अनेक हिंदी शिपाई बराच काळ तयार झाले नाहीत. अशा वेळी, एप्रिल 1916 मध्ये, तुर्की सेनापती खलील पाशा यांना 20 लाख पौंडांपर्यंत रक्कम देऊन वेढा उठवता येतो का, हे पाहण्यासाठी जे अधिकारी पाठवले गेले, त्यांत हाच लॉरेन्स होता. पाशांनी नकार दिला आणि 29 एप्रिलला सुमारे 13 हजार जणांनी शरणागती पत्करली. (त्याच महिन्यात इकडे बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली होती.)

फेब्रुवारी 1919 मध्ये परिषदेपुढे फैसल बोलले आणि लॉरेन्सने दुभाष्याचे काम केले, हा इतिहास आहे. संवाद मात्र नाटककाराचे समजावेत. हिंदुस्थानच्या वतीने ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा उपस्थित होते. काँग्रेसने टिळक, गांधी व हसन इमाम यांची निवड केली होती. परंतु लंडनमध्येच असलेल्या टिळकांना सरकारने पॅरिसला जाऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली. आमच्या मते नाट्य त्या पत्रातही होते.

फैसल यांची सत्ता असलेले सीरियातील दमास्कस फ्रेंचांनी जुलै 1920 मध्ये घेतले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी त्यांना इराकच्या, म्हणजे कूत ज्या भूमीत आहे तिच्याच, गादीवर बसवले.

पणजोबांविषयी एक सूचना. बसरा येथील युद्धस्मारकावर सामान्य हिंदी शिपायांची नावे कोरलेली नाहीत, पलटणवार केवळ मृतांची संख्या आहे. नावे कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या (युद्धातील मृतांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदवह्यांत आहेत. घरातल्या एखाद्या कागदावर वा पदकाच्या कडेवर त्यांच्या पलटणीचा क्रमांक आढळल्यास शोध तेथून सुरू करावा.