दोन स्वयंपाक करू नका: शेतावरच्या घरातलं लो-कार्ब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुणं सोडून सावंतवाडीजवळच्या शेतावर राहायला आलात, यजमानांना मधुमेह निघाला, डॉक्टरांनी भात-पोळी कमी करायला सांगितली. तुम्ही नेटवरचा लो-कार्बचा, म्हणजे कमी कर्बोदकांचा, तक्ता घेतलात, त्यात बदामाचं पीठ, चीज, अॅव्होकाडो. त्यांचं वेगळं रांधायचं, मुलांचं आणि सासूबाईंचं वेगळं, शिवाय गोठा आणि बाग आहेच. आता तुम्ही दमलात आणि ते कंटाळलेत. त्यातच त्यांना घरी बिअर नाहीतर मधाची वाईन करून बघायची हौस आहे, ती चालेल का, हाही प्रश्न आहे. आमचं घर कुडाळच्या बाजूला आहे, सासऱ्यांचा मधुमेह जुना, त्यामुळे हे सगळं रोजचंच आहे. सविस्तर लिहिते.

आधी औषधांचं, कारण तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. यजमान ग्लायमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडची गोळी घेत असतील, किंवा इन्सुलिन, तर भात कमी केला आणि औषध तेवढंच ठेवलं की साखर धाडकन खाली येऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं हलकं होतं. ग्लुकोमीटरवर ७०च्या खाली आकडा दिसला की तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर कडक लो-कार्ब स्वतःच्या मनाने करूच नका. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन साठून माणूस गंभीर आजारी पडू शकतो. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फार कमी. गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा, ‘भात निम्म्यावर आणतोय’ असं स्पष्ट सांगा आणि डोस ठरवून घ्या. आपल्याकडे रात्री दवाखाना गाठायचा म्हणजे काय ते तुम्हाला आता कळलंच असेल.

आता मुख्य मुद्दा. टोप एकच ठेवा, फरक फक्त वाढताना करा. वेगळ्या माणसासाठी वेगळा स्वयंपाक हे कुठल्याच घरात वर्षभर टिकत नाही, शेतावरच्या घरात तर नाहीच. आणि आपला मालवणी स्वयंपाक मुळात त्यासाठी उत्तम आहे, अडचण एकट्या भाताची आहे. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. जेवताना दोनदा भात घेतला की ताटात सहज ७० ग्रॅम जातात. उकडा तांदूळ चालतो, त्याने साखर वाढत नाही, असं आपल्याकडे बरेच जण ठामपणे सांगतात. उकड्याने साखर थोडी सावकाश चढते एवढंच, कर्बोदकं जवळपास तेवढीच. ज्वारी-नाचणीच्या भाकरीचंही तसंच. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३३-३४ ग्रॅम येतातच. भाकरी पौष्टिक आहे, ती खावी, पण भात सोडून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर हाती काही लागत नाही.

आमच्याकडे दुपारचं ताट असं असतं. बांगड्याचं तिखलं, सोलं (वाळवलेली कोकमं) आणि तिरफळं घालून. शेवग्याच्या पाल्याची भाजी, त्यात ओल्या खोबऱ्याचा चव सढळ हाताने. काकडीची कोशिंबीर, वाटीभर सोलकढी. सासऱ्यांना आधी भाजी आणि मासे वाढते, भात शेवटी, एक लहान वाटी. मुलांना त्याच टोपातलं सगळं, भात हवा तेवढा. वाढीच्या मुलांना लो-कार्बवर ठेवू नका, त्यांना त्याची गरज नाही. सासूबाईंना भात आवडत असेल तर जरूर द्या, मात्र त्यांच्याही ताटात मासा, अंडं किंवा दही हवं, कारण वय वाढलं की आधी दंडा-मांड्यांची ताकद जाते. रात्री भाताऐवजी कुळथाची पिठी करून बघा. माणशी दोन मोठे चमचे पीठ, म्हणजे साधारण वीस ग्रॅम, त्यात बारा ग्रॅम कर्बोदकं आणि चारेक ग्रॅम प्रथिनं. लसूण ठेचून घाला, सोलं घाला, चांगली दाट होऊ द्या, सोबत अंड्याची पोळी किंवा परतलेली भाजी. पोट भरतं आणि ताट आपलं वाटतं. बदामाच्या पिठाच्या चपातीबद्दल मला हे कधीच वाटलं नाही. ती महाग पडते, तुटते आणि घरातलं दुसरं कुणी खात नाही.

सकाळची पेज सोडवत नाही हे मी समजू शकते. ती बंद करू नका, वाटीभरच द्या, पाणी जास्त आणि शितं कमी, सोबत सुकटीची चटणी आणि उकडलेलं अंडं. चहातली साखर मात्र पूर्ण काढा. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, हा हिशेब भातापेक्षा गुपचूप वाढतो. लावणीच्या दिवसांत ते चिखलात उतरून काम करणार असतील तर त्या दिवशी भात थोडा जास्त चालेल, स्नायू साखर ओढून घेतात. जेवल्यावर दोन तासांनी मोजत राहा, म्हणजे कोणत्या पदार्थाने किती फरक पडतो हे तुमचं तुम्हालाच कळेल. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, तीन महिन्यांनी करा, त्याआधी करून फारसा अर्थ नाही.

अंड्यांसाठी कोंबड्या पाळायचं म्हणता ते छान. पण चार गावठी कोंबड्यांवर रोजचा नाश्ता चालणार नाही. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते आणि मधेच खुडूक बसते. दहा-बारा ठेवा, त्यात निम्म्या वनराज किंवा गिरिराज जातीच्या, त्या जास्त अंडी देतात. खुराडं जमिनीपासून उंच बांधा आणि जाळी बारीक घ्या, मुंगूस अगदी लहान फटीतून आत येतं. परसात दुधी, पडवळ, दोडका, भेंडी, माठ, अळू एवढं असलं की पावसाळाभर बाजाराकडे बघावं लागत नाही.

मे महिन्याची तयारी आत्तापासून करा. घर आंब्यांनी भरलेलं असताना ‘खायचा नाही’ हा नियम टिकत नाही. आमरस नको, जेवणानंतर हापूसच्या एक-दोन फोडी खा, आणि त्या जेवणात भात नको. फणसाचे गरे मोजूनच. त्याऐवजी मार्चपासून कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी मनसोक्त करा, त्यात साखर अजून भरलेली नसते. आठळ्या (फणसाच्या बिया) पिष्टमय असतात, त्या भातात धरा. उपासाचा साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्याच्याऐवजी दाण्याची आमटी, दही, ओलं खोबरं.

बिअर आणि मधाच्या वाईनबद्दल सरळ सांगते, करू नका. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय दारू गाळणं किंवा आंबवून तयार करणं हा गुन्हा आहे, ती घरच्यापुरती असली तरी. शेजारी गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या भट्ट्याही परवान्यावर चालतात. कायदा बाजूला ठेवला तरी बिअरमध्ये माल्टमधली कर्बोदकं बऱ्यापैकी उरतात. आणि यकृत दारू पचवण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडायचं काम मागे पडतं. साखर उतरवणारी गोळी चालू असताना हे रात्री झोपेत झालं तर कुणाला कळणारही नाही.

त्यांची खरी हौस आंबवण्याची असेल, तर कांजी करायला द्या. गाजर आणि मुळा मिळून पाव किलो, बोटाएवढे लांब तुकडे. उकळून गार केलेलं दोन लिटर पाणी, लिटरला एक मोठा चमचा मीठ, दोन मोठे चमचे मोहरीची भरड, थोडी मिरची पूड. सगळं चिनी मातीच्या बरणीत घालून तोंडाला पातळ कापड बांधायचं. कोरड्या लाकडी डावाने रोज सकाळी ढवळायचं, तुकडे पाण्याखाली राहिले पाहिजेत. आपल्या दमट उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी कडेला बारीक बुडबुडे दिसतात, तिसऱ्या दिवशी मोहरीचा वास नाकात चढतो आणि पाणी आंबट होतं. पावसाळ्यात एखादा दिवस जास्त लागतो. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काढून टाका. हिरवी, काळी, गुलाबी लव दिसली तर सगळी बरणी ओता, वरचं काढून खालचं वापरू नका. आंबट झाली की फ्रिजमध्ये ठेवा, आणि काचेच्या बाटलीत घट्ट बूच लावून बाहेर ठेवू नका, आत वायू साठून बाटली फुटते.

कोंबुचा (आंबवलेला चहा) करायचा तर लिटरला पाच-सहा मोठे चमचे साखर घालावी लागते आणि तयार झाल्यावरही बरीचशी उरते, त्यामुळे तुमच्या घरी कांजी बरी. अमृत कोकमही टाळा, त्यात साखरच जास्त. घरात आगळाची, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाची, बाटली ठेवा. मात्र आगळ आणि कांजी दोन्हींत मीठ असतं, तेव्हा यजमानांचा रक्तदाब वाढलेला असेल तर कांजी किंवा पाण्यात मिसळलेलं आगळ दिवसाला अर्धा पेलाच, आणि त्या जेवणात सुकी मासळी नको.