काकूंचा फोन बंद आहे

'ताई, 15 ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या म्हणून दोन महिन्यांपूर्वीच चिपळूणजवळचं खाडीकाठचं एक होमस्टे बुक केलं. आम्ही चौघं, सासू-सासरे आणि नणंदेकडचे तिघं, दोन गाड्या. अठरा हजार अ‍ॅडव्हान्स दिलाय. आता तिकडून पुराच्या बातम्या येताहेत. ह्यांचं म्हणणं, कोकणात पाऊस नाही पडणार तर कुठे पडणार? हायवे झकास झालाय, कशेडीला बोगदा आहे, सहा तासांत पोचतो. सासरे त्यांच्या बाजूने, सासूबाई गप्प. मी नको म्हटलं की नणंद म्हणते, "वहिनी, तुझं दर वेळी काहीतरी असतंच." मुलांनी नवे रेनकोट घेतलेत. होमस्टेवाल्या काकूंचा फोन दोन दिवस बंद आहे, व्हॉट्सअ‍ॅपलाही एकच टिक, त्यामुळे अ‍ॅडव्हान्सचं काय हेही विचारता येत नाहीये. मी ठाम राहून वाईटपणा घेऊ, की निमूट बॅगा भरू?
कात्रीत सापडलेली, मुलुंड'

अगं, नवरा, सासरे, नणंद, रेनकोट असं करत करत तुझं पत्र वाचत आले आणि शेवटाकडच्या एका वाक्याशी अडले. काकूंचा फोन दोन दिवस बंद आहे. हे तू लिहिलंस आणि त्याच दमात अ‍ॅडव्हान्सवर गेलीस. घरातल्या झाडून सगळ्यांची मतं तू मला कळवलीस, गप्प बसलेल्या सासूबाईंचं मौनसुद्धा. आणि ज्या बाईच्या घरी तुम्ही नऊ जण जेवायला-झोपायला जाणार, तिचा दोन दिवस पत्ता नाही, तर तुला अडचण कसली वाटली? पैशांचं विचारता येईना!

नवरा हट्टी आणि तू शहाणी, असं माझ्याकडून लिहून हवं असेल तर ते मिळणार नाही. या बाबतीत दोघं एकाच माळेचे मणी आहात. त्याला हायवे दिसला, तुला वाईटपणा दिसला.

फोनचं नीट बघू. होमस्टे चालवणारी बाई सुट्ट्यांच्या आठवड्यात स्वतःहून फोन बंद ठेवत नाही, तिचा सगळा धंदाच त्या फोनवर असतो. रिंग वाजून कुणी उचललं नसतं तर म्हटलं असतं, कामात असतील. नुसती एक टिक असती तर म्हटलं असतं, नेट गेलं असेल. पण कॉल लागत नाही, टिकही एकच आणि तेही दोन दिवस, म्हणजे एक तर घरात वीज नसल्याने चार्जिंग संपलंय, नाहीतर गावचा टॉवरच बसलाय. पाणी चढायला लागलं की शॉक लागू नये म्हणून त्या भागाची वीज मुद्दाम तोडतात. टॉवर मग काही तास बॅटरीवर चालतो, त्यानंतर जनरेटरवर. जनरेटरला डिझेल लागतं आणि डिझेल रस्त्याने न्यावं लागतं. टॉवर बसला असेल आणि दोन दिवसांत उठला नसेल, तर डिझेलचे कॅन घेऊन जाणारा माणूसही तिथवर पोचलेला नाही. दोन्हींपैकी काहीही असो, गरम पाणी, मिक्सर, विहिरीवरचा पंप, फ्रीजमधले मासे यातलं काहीही त्या घरात आज चालू नाही.

त्यात घर खाडीकाठचं. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीला पाणी तीन बाजूंनी येतं. एक, सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस. तो चिपळुणात दिसतही नाही, खाली लख्ख उघडलेलं असताना वर कोसळत असतो आणि काही तासांनी नदीतून खाली येतो. दुसरं, कोयनेचं. पोफळीला वीज तयार करून सोडलेलं पाणी कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीतच येतं. तिसरी भरती. दाभोळच्या खाडीतून ती थेट गोवळकोटपर्यंत चढते आणि वरून आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच ठेवत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरतीही मोठी. 22 जुलै 2021 ला चिपळूणची बाजारपेठ बुडाली तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. एसटी आगारातले कर्मचारी आगाराची रोकड उराशी धरून बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले होते, आठवत असेल. खाडीकाठची जुनी माणसं तिथीवरून भरती काढतात: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, आलेली संख्या म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलंच असेल, तुम्ही जायच्या दिवशीची तिथी काढून बघ. मुलुंडच्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावरून यातलं काही कळत नाही.

हवामान खात्याच्या रंगांचंही तसंच. ऑरेंज अलर्ट म्हणजे चोवीस तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर, रेड म्हणजे त्याहून जास्त. हा अंदाज पावसाचा असतो, पुराचा नव्हे. अलर्ट रेडवरून यलोवर आला म्हणून नदी उतरली असं होत नाही. नदीचं विचारायचं तर तिची पातळी विचारावी लागते. खेडच्या जगबुडीला 5 मीटरला इशारा आणि 7 मीटरला धोका. हे आकडे पुराच्या दिवसांत जिल्हा प्रशासन जाहीर करत असतं. तुझ्या नवऱ्याने ते एकदा तरी पाहिलेत का? विचार त्याला, आणि तू पाहिलेस का तेही स्वतःला विचार.

हायवेवरचा त्याचा विश्वास मात्र अर्धा बरोबर आहे. कशेडीच्या बोगद्याने घाटाचा त्रास खरोखरच कमी केला. पण खेडच्या पुढे परशुराम घाट आहे, तिथे दरड येते. आणि तुमचं होमस्टे हायवेवर नाही. हायवे सोडल्यावरचा आतला रस्ता हाच खरा प्रश्न, कारण त्यावर साकव असतात, मोऱ्या असतात, पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, टाकलेले ठेंगणे कॉजवे असतात. कॉजवेवरून गढूळ पाणी जात असताना कडेचे दगड दिसत नाहीत, खालचा डांबराचा थर जागेवर आहे की खरवडून गेलाय तेही कळत नाही. वाहतं पाणी साधारण एक फूट असलं तरी छोटी गाडी तरंगायला लागते, दोन फूट असलं की बहुतेक गाड्या वाहून जातात. गाडी बंद पडली तर माणूस पहिली चूक करतो ती पुन्हा सेल मारण्याची. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन जातं, आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन वेगळं घेतलेलं नसेल तर विमा कंपनी त्याचा खर्च सहसा देत नाही. तुमच्या अठरा हजारांपेक्षा ते बिल कितीतरी मोठं असतं. मुंबईतल्या माणसाला 26 जुलै 2005 नंतर हे सांगावं लागू नये. गाड्यांच्या काचा-दारं अडकून माणसं आतच गुदमरली होती.

आणि रात्री निघायचा बेत असेल तर तो मनातूनही काढून टाका. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 ला रात्री वाहून गेला. पूल आहे असं समजून दोन एसट्या अंधारात पुढे गेल्या.

तेव्हा जायचं नाही. हे आज रात्री सांग, शुक्रवारच्या पहाटेवर ढकलू नकोस. फक्त 'मला भीती वाटते' असं म्हणू नकोस. भीतीवर तुमच्या घरात उत्तर तयार आहे, ते तुझ्या नणंदेने तुला ऐकवलंच आहे. तू एवढंच म्हण, 'काकूंचा दोन दिवस पत्ता नाही, आपण चाललोय कुणाकडे?' मग फोन नवऱ्याच्या हातात दे आणि त्यालाच लावू दे. तीनदा 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकलं की कशेडीचा बोगदा आपोआप मागे पडेल. सासूबाईही तोवर बोलायला लागल्या तर मला नवल वाटणार नाही.

यानंतरचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काकू कशा आहेत ते शोध. कोकणातल्या गावाचं अर्धं मुंबईत असतं, आणि बहुतेक गावांचं 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' असतंच, लालबाग-परळला, नालासोपाऱ्याला, तुझ्या शेजारच्या भांडुपला. फेसबुकवर गावाचं नाव आणि 'ग्रामस्थ मंडळ' टाकून शोध, किंवा सोसायटीतल्या चिपळूण-गुहागरकडच्या माणसाला गाठ, एक तरी निघेलच. या मंडळांच्या ग्रुपवर कुणाच्या पडवीत पाणी शिरलं, कुणाला शाळेत हलवलं, कुणाची म्हैस वाहून गेली, हे टीव्हीच्या आधी कळतं. तिथूनही काही समजलं नाही तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 लाव, मुंबईतून आधी रत्नागिरीचा 02352 जोडून. गावाचं नाव सांगून विचारायचं: गावाचा संपर्क तुटलाय का, माणसं हलवलीत का. बुकिंगचं अवाक्षर काढायचं नाही. पलीकडचा माणूस तेव्हा होड्या मोजत असतो.

काकूंना सारखे कॉल करू नकोस. फोन मिनिटभर सुरू झालाच तर उरलेली बॅटरी त्यांना त्यांच्या माणसांसाठी लागेल. व्हॉट्सअ‍ॅपही नको, साधा एसएमएस कर. डेटा नसला तरी जरासा सिग्नल आला की तो पोचतो. मजकूर हा: 'काकू, आम्ही या वेळी येत नाही. अ‍ॅडव्हान्स तुमच्याकडेच असू दे, परत करायचा विचार करू नका. सगळे बरे आहात ना, एवढंच जमेल तेव्हा कळवा.'

हो, अठरा हजार तिथेच राहू देत. तुमच्यासाठी तांदूळ-नारळ भरले असतील, जादा गाद्या शिवल्या असतील, हाताखाली एखादी मुलगी ठेवली असेल, त्यातले बरेचसे कधीच खर्च झालेत. गणपती तोंडावर आहेत आणि ती बाई घरातला चिखल काढत असण्याची शक्यता आहे. डिसेंबरात जा. तेव्हा ते पैसे वजा करायचे की पूर्ण बिल द्यायचं, ते त्या घराची अवस्था बघून ठरवा.

आता तुझ्या नवऱ्याला एकदम उमाळा येईल, 'मग आपण मदतीलाच जाऊ.' तेही नको. पूर आलेल्या घरात नऊ माणसं म्हणजे नऊ जणांचं प्यायचं पाणी, नऊ जणांचा संडास. मदत करायचीच तर आधी विचारून, मंडळाच्या टेम्पोतून पाठवा: खराटे, फावडी, घमेली, वायपर, गमबूट, ब्लीचिंग पावडर, फिनेल, टॉर्च, पॉवर बँक, सॅनिटरी पॅड, मुलांच्या वह्या. कपाट आवरून निघालेले कपडे अजिबात नकोत. पुरानंतर त्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडतात आणि उचलायचे कुणी हा गावाला नवा ताप होतो.

फोन लागला की काकूंना एक गोष्ट मात्र नक्की सांग, घाईत ती राहून जाते. भिंती धुण्याआधी पाण्याची रेघ कुठवर आली त्याचे फोटो काढायचे, प्रत्येक खोलीचा एक, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे उंची कळते. भिजलेला फ्रीज, गाद्या, पंप, इन्व्हर्टर यांचेही. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर स्वच्छ झालेलं असतं आणि मग नुकसान दाखवायचं कशावरून? पंप आणि फ्रीज वायरमनने उघडून, सुकवून तपासल्याशिवाय चालू करायचे नाहीत. विहिरीचं पाणी उपसून, आरोग्य खात्याच्या माणसाने ब्लीचिंग टाकल्यावरच वापरायचं, तेही उकळून.

शनिवारी ऊन पडेल. नवरा म्हणेल, पाणी ओसरलं, अजून दोन दिवस हातात आहेत, निघूया. पाणी ओसरल्यावर आधी चिखल असतो, मग लेप्टो. उंदीर-गुरांच्या मुतातले जंतू त्या चिखलातून पायावरच्या बारीकशा जखमेवाटेही शरीरात जातात, ताप दोन दिवसांत येतो किंवा चार आठवड्यांनीसुद्धा. पोरांच्या गुडघ्यांवर खरचटलेलं नसेल असा दिवस असतो का? शनिवारीही उत्तर हेच. आणि नणंदेला फोन तूच कर, नवऱ्याच्या तोंडून निरोप पाठवलास तर तो 'हिचं काहीतरी असतं' असाच पोचेल.