मॅनेजमेंटच्या बाजूने लेबर प्रॅक्टिस, म्हणजे कामगार कायद्याची वकिली, सुरू करतोयस ना?

अरे पहिलं वर्ष युक्तिवाद वगैरे विसर, फाईल वाचायला शिक. चार्जशीटमध्ये (कंपनी कामगाराला देते ते आरोपपत्र) नुसतं 'गैरवर्तन केले', ना तारीख ना शिफ्ट, अशी चार्जशीट कोर्टात टिकत नाही आणि एचआरवाले नेमकी तशीच पाठवतात.

- डोमेस्टिक इन्क्वायरी, म्हणजे कंपनीने स्वतः केलेली चौकशी, सदोष ठरली तर कोर्टात पुरावा द्यायची परवानगी हवी, हे लेखी कैफियतीतच (कोर्टात दिलेल्या लेखी उत्तरात) लिहून ठेव. नंतर मागितलीस तर मिळेलच असं नाही. मी एकदा विसरलो, सिनियरने दोन दिवस चहाला विचारलं नाही.
- क्लायंटला खूश करायला 'कामगाराला काढून टाका, बघू नंतर' कधीच म्हणू नकोस.
- युनियनवाल्यांशी गोड राहा, सेटलमेंट त्यांच्याशीच करायचीय.

1971 चा एमआरटीयू-पीयूएलपी कायदा (महाराष्ट्राचा, युनियनला मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना आळा यासाठीचा) आधी नीट वाच, रिटचं, म्हणजे हायकोर्टातल्या याचिकांचं, नंतर बोलू.