वडिलांच्या नावावर घर आहे, मला व माझ्या बायकोला पंतप्रधान आवास योजनेचं (शहरी २.०) व्याज अनुदान मिळेल का?

मिळू शकतं. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. त्यामुळे तुमचं लग्न झालेलं असल्याने वडिलांचं घर आड येत नाही. मात्र तुम्हा दोघांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही, अगदी गावाकडेसुद्धा, पक्कं घर नको. वारसाहक्काने सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर घरात हिस्सा लागलाय का, ते आधी तपासा. अर्ज इथे अडकू शकतो.

बाकी अटी: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, चटई क्षेत्र (कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) १२० चौ. मीटरपर्यंत. कर्ज १ सप्टेंबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर मंजूर झालेलं हवं. दोघंही कमावत असाल तर दोघांचं उत्पन्न धरतात, हे लोक विसरतात.

४ टक्के अनुदान फक्त पहिल्या ८ लाखांवर, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी. जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणून एकरकमी परतफेडीची घाई नको: अनुदानाचा हप्ता जमा होताना कर्ज चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी लागतं.