हिवाळी किनारा-मासेमारीच्या स्पर्धेत जोरात फेकताना दोरी तुटून शिसं (दोरीच्या टोकाचं वजन) उडून का जातं?

बहुतेक वेळा शॉक लीडर, म्हणजे फेकण्याचा झटका सोसायला मुख्य दोरीच्या पुढे जोडलेली जाड दोरी, बारीक किंवा आखूड असतो. 150 ग्रॅम शिशाला मुख्य दोरी 0.35 मिमीची चालते, पण पुढे 60 पौंड ताण सोसणारा लीडर हवाच. तुटून सुटलेलं शिसं माणसाचा जीव घेऊ शकतं. शिसं फेकायच्या स्थितीत लटकत असताना रीलवर लीडरचे 5-6 वेढे उरले पाहिजेत, म्हणजे 4 मीटरच्या रॉडला साधारण 8-9 मीटर. गाठ आवळण्याआधी ओली करा, नाहीतर घर्षणाने तापून नायलॉन तिथेच कमजोर होतं. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी गाठ नीट बसत नाही, म्हणून गळांचे संच घरूनच बांधून न्या. अधूनमधून लीडरवरून नख फिरवा. खरखरीत लागला की बदला, स्पर्धेची वेळ जात असली तरी.