पिकअपच्या ऑइलमध्ये पाणी येतंय, हेड (इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टनं बसवलेलं वरचं झाकण) घरीच बदलू का?

ऑइल दुधाळ झालं असेल तर गाडी आता स्टार्टच करू नका. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना) हाताशी असेल तरच घरी हात घाला. इंजिन पूर्ण गार झाल्यावर टायमिंगच्या खुणा (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ दाखवणाऱ्या) जुळवा, मग हेडचे बोल्ट सोडा. उतरवलेलं हेड लेथवाल्याकडून तडा आणि सपाटीसाठी तपासून घ्या.

खरं जपायचं ते ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांना. तळाशी ऑइल-पाणी साचून राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो. हवा मारून कोरडी करा, डोळे सांभाळून. हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट (गळती रोखणारा पातळ थर) नवंच. बोल्ट मधल्यापासून कडेच्यांपर्यंत, टप्प्याटप्प्यानं, मॅन्युअलमधल्या टॉर्कनंच (आवळण्याच्या जोरानं) आवळा.

आणि सोलापूरच्या उन्हात रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार धरतात. कूलंटच भरा.